हेनबॉटमबाईंची हरकत

ब्रिंडलक्लफमध्ये हसायला बंदी असलेलं एकच दुकान होतं, आणि गावात नवा आलेला माणूस नेमका तिथेच हसायचा. दुकान मर्टल हेनबॉटमचं. तळलेले मासे आणि बटाटे. दारावर तिच्या आजोबांनी रंगवून घेतलेली हिरवी पाटी आणि तिच्यावर हातभर अक्षरांत आडनाव. आता हेन म्हणजे कोंबडी हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक, आणि बॉटम म्हणजे माणूस खुर्चीवर जे टेकवतो ते. नवखा माणूस पाटी वाचायचा, त्याच्या ओठांचे कोपरे थरथरायचे, आणि काउंटरमागून आवाज यायचा, "हसून घ्या एकदाचं. आणि मग रांगेत शेवटी जाऊन उभे राहा."

खरं तर आमच्या लँकेशरच्या डोंगरांत बॉटम म्हणजे दरीचा तळ. कोण्या एका हेनबॉटमने कोण्या एका राजाच्या काळात दरीच्या तळाशी कोंबड्या पाळल्या असतील, एवढाच त्या आडनावाचा इतिहास. पण तो सांगून होईपर्यंत समोरचा हसून मोकळा झालेला असतो. मर्टलच्या वडिलांनी जन्मभर समजावून सांगितलं. मर्टलने समजावणं सोडून दिलं. शाळेत पोरं तिच्यामागे कोंबडीसारखं क्वॉक क्वॉक करत यायची, तेव्हा ती मागे वळून दप्तर हाणायची, आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडायची. दप्तराची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, उशीची कुणालाच नव्हती.

आता ती पन्नाशी ओलांडून बसली होती, दंड भरदार, जीभ तिखट. आईवडील गेले, भाऊ लढाईत गेला, आणि हेनबॉटम म्हणून गावात उरली ती एकटी. पण जगात उरले होते ना! व्हिनेगरच्या बाटल्यांच्या वरच्या भिंतीवर तिने थोर हेनबॉटम मंडळी टांगली होती, वर्तमानपत्रांतून कापून, काचेच्या चौकटीत. लंडनचे न्यायमूर्ती सर लायोनेल हेनबॉटम, केसांचा टोप घालून. ऑपेरात गाणाऱ्या फ्लोरेन्स हेनबॉटम, तोंड उघडं. बिशप ऑगस्टस हेनबॉटम, तोंड मिटलेलं. आणि क्रिकेटवाला पर्सी हेनबॉटम, जो बिचारा एका चौकारापुरता प्रसिद्ध झाला आणि मग वारला. यांतल्या एकाशीही तिचं नातं लागत नव्हतं. पण कुणी पाटीला हसला की ती चिमटा भिंतीकडे रोखायची, "त्यांना जाऊन हसा. न्यायमूर्ती आहेत. आत टाकतील."

आणि याच मर्टलवर हॅरल्ड ब्राउनचा जीव होता.

हॅरल्ड गिरणीत माग दुरुस्त करायचा आणि गावच्या बँडमध्ये युफोनियम वाजवायचा. युफोनियम म्हणजे ट्यूबा नावाच्या भल्यामोठ्या कर्ण्याचा धाकटा भाऊ, मांडीवर घेऊन बसायचं पितळी पोर. बँडमध्ये ब्राउन आडनावाचे इतके होते की एक मिशीवाला ब्राउन, एक ट्यूबावाला ब्राउन, एक ब्राउनचा ब्राउन, आणि हा नुसता दुसरा ब्राउन. तो खोलीत आला तरी कुणाला कळायचं नाही आणि गेला तरी कळायचं नाही. दर वर्षी गिरण्यांची सुट्टी संपली की तो दुकानात येऊन मर्टलला मागणी घालायचा आणि मर्टल त्याच्या कागदात मूठभर बटाटे जास्त टाकून त्याला वाटेला लावायची. गाव या कार्यक्रमाला सरावलं होतं.

एका वर्षी मात्र हॅरल्डने मासा घेतला, पैसे ठेवले आणि तो दाराकडे निघाला.

"काही विसरलास का रे?" मर्टलने हाक मारली.

"नाही बुवा. मीठ आहे, व्हिनेगर आहे."

"अरे, वर्षाचं ते राहिलं ना!"

"नाही म्हणतेस दर वेळी. तुला तरी कशाला त्रास?"

"विचार ना मेल्या!" मर्टल ओरडली. रांगेतल्या माणसांनी टोप्या काढल्या. हॅरल्डने विचारलं, तिने हो म्हटलं, आणि कढईतला मासा करपला तो करपलाच.

मर्टल त्या रात्री मिसेस ब्राउन, मिसेस ब्राउन असं मनाशी म्हणून पाहत होती. पाणी प्यायल्यासारखं वाटलं. वाईट नाही, पण चवही नाही. मग तिने भिंतीकडे पाहिलं. आपण हे आडनाव खाली ठेवलं तरी ते काही मरत नाही, तिने स्वतःला बजावलं. न्यायालयात आहे, रंगमंचावर आहे, देवळात आहे. एवढी मोठी माणसं ते मिरवतायत, मग एका मासेवालीने सोडलं तर काय बिघडलं? या हिशेबावर ती निवांत झोपली.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. अमुक आणि तमुक यांचं लग्न ठरलं आहे, कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला. कुणी कधी बोलत नाही. त्या वर्षी आमच्याकडे नवे पाद्री आले होते, दक्षिणेकडचे, गुलाबी गालांचे, फार नाजूक बोलणारे. त्यांचं आडनाव लिहायचं ब्यूचॅम्प आणि म्हणायचं बीचम, त्यावरूनच पुढचं संकट ओळखायला हवं होतं.

पहिल्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बीचमसाहेबांनी घसा खाकरला. "या गावचे अविवाहित हॅरल्ड ब्राउन," ते म्हणाले, आणि मग एक आवंढा गिळून, मान तिरकी करून, "आणि या गावच्या अविवाहित मर्टल हेन्बो-टोऽम..."

चर्चमध्ये एक घोगरा आवाज उमटला, कुणाच्या तरी नाकातून. बीचमसाहेब तसेच पुढे गेले, "...यांच्या विवाहास कुणाची काही हरकत असेल, तर..."

"माझी आहे!"

सगळ्या माना वळल्या. मर्टल उभी होती. टोपीवरची चेरी थरथरत होती.

"आपण... आपण तर वधू आहात," पाद्री म्हणाले.

"मी कशाला? वधू कुणी टोमबाई आहे. ही टोमबाई कोण, कुठली, माझ्या हॅरल्डशी लग्न लावायला निघालीय ती?"

"बाईसाहेब, मी केवळ आदरापोटी... व्यासपीठावरून तो शब्द..."

"कोणता शब्द?"

पाद्रीसाहेबांचे गाल लाल झाले, मग जांभळे झाले. मागच्या बाकावरून मिशीवाला ब्राउन मदतीला धावला. "बॉटम, साहेब! सोपं आहे! बॉ-टम!" ट्यूबावाल्याने खर्जात साथ दिली. बघता बघता अख्खं चर्च पाद्रीसाहेबांना शिकवायला लागलं, बॉटम, बॉटम, आणि बहिऱ्या नेली ऑलरनशॉबाईंना वाटलं भजन सुरू झालं, म्हणून त्याही उभ्या राहून गाऊ लागल्या.

मर्टलने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "मला एवढंच सांगा. पुकाऱ्यात कोणतं नाव घ्यायचं असतं?"

"गाव ज्या नावाने ओळखतं ते," बीचमसाहेब पडेल आवाजात म्हणाले. "नियमच आहे तसा. माझं चुकलं. पण बाईसाहेब, मी ते माझ्या मनाने नाही हो केलं. मी आधी जिथे होतो तिथे न्यायमूर्ती सर लायोनेल दर रविवारी यायचे. तेच स्वतः तसं म्हणतात. हेन्बो-टोऽम. दुसरं कुणी काही म्हटलं तर ते ओ देत नाहीत."

मर्टल मटकन खाली बसली.

सोमवारी सकाळी ती नाण्यांची पिशवी घेऊन पोस्टातल्या टेलिफोनपाशी गेली. तिकिटांची रांग पुढे सरकायचीच थांबली, कारण असलं फुकटात कुठे ऐकायला मिळतं?

"हॅलो! न्यायमूर्ती हेनबॉटम आहेत का?"

"हेन्बो-टोम निवास," पलीकडून कुणी नोकर नाकातून म्हणाला. "बॉटम कुणी इथे राहत नाही."

"मग बसता कशावर?" मर्टलने फोन आदळला आणि दुसरा लावला. गायिकेच्या घरी एक बाई बोलली, की मॅडम आता मॅडम फ्लोरेंतीना बोत्तीनी आहेत, आणि जुन्या नावाचा उल्लेख झाला तर त्यांचा आवाज बसतो. बिशपच्या घरच्या स्वयंपाकीणबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, बिशप झाला की माणूस गावाच्या नावाने सही करतो, आडनाव ठेवून देतो. आमच्या साहेबांनी त्यासाठीच तर एवढी खटपट केली."

उरला पर्सी. त्याला फोन लावण्यात अर्थ नव्हता.

मर्टल दुकानात आली आणि चौकटींकडे पाहत उभी राहिली. तिला रडू आलं, आणि या वेळी उशीही हाताशी नव्हती. सगळं आयुष्य तिने ज्यांच्या जिवावर दुसऱ्यांची तोंडं बंद केली, ते सगळे कधीच पळून गेले होते. पोरं क्वॉक क्वॉक करायची तेव्हा ती एकटीच होती, आणि आत्ताही एकटीच होती. तिने सोडलं की संपलं. संध्याकाळी हॅरल्ड आला तेव्हा तिने त्याला दारातच थांबवलं.

"पुकारा रद्द कर म्हणून सांग त्या टोमसाहेबाला. मी ब्राउन होणार नाही."

"मर्टल, अगं, पण..."

"तुमच्यात ब्राउन कमी आहेत का रे? माझ्यात मी एकटी आहे. तुझ्यावर राग नाही हॅरल्ड. पण हे मला खाली ठेवता येत नाही, काय करू?"

हॅरल्डने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. मग तो गेला. त्याच्या जाण्याकडे पहिल्यांदाच कुणाचं तरी लक्ष होतं.

यानंतर गावात जे सुरू झालं ते असं. मंगळवारी खाटकाच्या दुकानात हॅरल्डचा नंबर आला. खाटीक म्हणाला, "काय देऊ, ब्राउन?" हॅरल्ड छताकडे पाहत राहिला. "ब्राउन! ए हॅरल्ड! बहिरा झालास का?" मागची माणसं खोळंबली, कुरकुरू लागली. शेवटी हॅरल्ड गंभीरपणे म्हणाला, "हेनबॉटम म्हणा. त्याशिवाय ऐकू येत नाही." खाटीक इतका हसला की त्याला सुरी खाली ठेवावी लागली. पण म्हणाला एकदाचा, आणि हॅरल्ड सॉसेज घेऊन घरी गेला.

गिरणीत मुकादमाने ब्राउन म्हणून हाक मारली की हॅरल्डच्या हातातला पाना हलायचा नाही. बसमध्ये कंडक्टरने ब्राउन म्हटलं तर तो तिकीटच काढायचा नाही. बँडच्या तालमीत नावं पुकारली, आणि दुसरा ब्राउन गैरहजर. "अरे, हा काय इथे बसलाय!" मिशीवाला म्हणाला. "इथे हेनबॉटम बसलाय," हॅरल्ड म्हणाला, आणि त्याने युफोनियममधून असा एक सूर काढला की पोट धरधरून हसताना ट्यूबावाला खुर्चीवरून पडला. शाळेची पोरं मागे लागली. हॅरल्ड रस्त्याने चाललाय आणि मागे क्वॉक क्वॉक करत वरात चाललीय, हे दृश्य गावात रोजचं झालं. तो वळून पोरांना टोपी काढून नमस्कार करायचा.

मर्टलच्या कानावर हे सगळं माशाच्या कढईपाशी यायचं आणि तिच्या अंगाची लाही व्हायची.

"आता तोही माझी टर उडवतोय," ती नेली ऑलरनशॉबाईंना म्हणाली.

"कोण उडतोय?"

"कुणी नाही! वाटाणा हवाय का?"

"हवाय तर! आणि त्या हॅरल्डला सांग, छान वाजवतो हो. बॉटम, बॉटम."

मग पुढच्या वर्षीचा गिरण्यांच्या सुट्टीचा आठवडा आला. आमचं अख्खं गाव त्या आठवड्यात ब्लॅकपूलला समुद्रावर जातं, गल्लीत ज्याच्या शेजारी राहतं त्याच्याच शेजारी तिथेही राहतं, आणि बदल झाला म्हणून खूश होतं. मर्टल नेहमीच्या खानावळीत उतरली आणि सकाळी खाली आली, तर कोपऱ्यातल्या टेबलावर हॅरल्ड. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि टोस्टला लोणी फासू लागली.

त्या जेवणघरात भलत्याच गावांची माणसंही होती. खानावळवाली बाई तशी दांडग्या आवाजाची. स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिने हाळी दिली, "मिस्टर हेनबॉटम! तुमचा किपर!"

मग जे हसू फुटलं! तो धुरावलेला मासा बशीतून उडी मारतो की काय असं वाटलं. खिडकीपाशी बसलेल्या एका अनोळखी माणसाने तर कोपर पंखासारखे हलवून कोंबडीचा आवाज काढला. मर्टलची मान आपोआप खाली गेली. पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि तिला शाळेच्या पटांगणात उभं असल्यासारखं वाटलं.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. हॅरल्ड उठून उभा होता. त्याचे कान लालभडक झाले होते, पण ताठ उभा होता.

"हजर!" तो म्हणाला. आणि सगळ्या टेबलांकडे वळून कमरेत वाकला. "हॅरल्ड हेनबॉटम. ब्रिंडलक्लफचा. आणखी कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग किपर गार होतो."

लोक आणखी हसले, पण आता त्या हसण्यात टाळ्याही होत्या. मर्टलने मान वर केली. हॅरल्ड तिच्याकडे पाहत नव्हता. हे सगळं त्याने तिला दाखवायला केलं नव्हतं, ती नसतानाही तो महिनोन्महिने हेच करत होता, हे तिला तेव्हा कळलं. जे हसू तिने जन्मभर अंगावर घेतलं, त्यातलं अर्धं तो उचलून स्वतःच्या ताटात वाढून घेत होता. तिने आपली बशी उचलली, कप उचलला, आणि त्याच्या टेबलावर जाऊन धपकन बसली.

"टर उडवत नव्हतास तर?"

"कुणाची?" हॅरल्डला खरंच कळलं नाही. "पाद्रीसाहेबच म्हणाले ना, गाव ज्या नावाने ओळखतं तेच पुकाऱ्यात. मग गावाला शिकवायला नको? मिशीवाला अजून चुकतो कधी कधी."

"अरे वेड्या, लोक हसतात तुला!"

"हो ना!" हॅरल्डचा चेहरा उजळला. "मर्टल, पन्नास वर्षांत मला कुणी हसलंसुद्धा नव्हतं गं. परवा खाटकाने रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. मला! उगाच!"

मर्टलने त्याच्या बशीकडे पाहिलं.

"काटे बघून खा," ती म्हणाली. मग तिने काटा-सुरी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्याच्या किपरचे काटे स्वतःच काढायला बसली. मासे साफ करावेत तर तिनेच.

पानं गळायच्या सुमारास पुन्हा पहिला पुकारा आला. मधल्या काळात बीचमसाहेबांनी घरी आरशासमोर सराव केला होता म्हणतात. त्यांची मोलकरीण सांगायची की पाद्रीसाहेब आंघोळीलाही बॉटम बॉटम करत जातात. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बँड गणवेशात आला होता, बाकांवर मावत नव्हता. मर्टल पुढे बसली होती, तीच चेरीची टोपी घालून, आणि शेजारी हॅरल्ड.

बीचमसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला.

"या गावचे अविवाहित हॅरल्ड हेनबॉटम!" आवाज पार छताला लागला. "आणि या गावच्या अविवाहित मर्टल हेनबॉटम!" त्यांना इतकं मोकळं वाटलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, "हेनबॉटम आणि हेनबॉटम! यांच्या विवाहास कुणाची काही हरकत असेल, तर त्यांनी..."

"आहे! आहे माझी!"

हॅरल्डच्या हातातली टोपी खाली पडली. सगळ्यांनी मर्टलकडे पाहिलं, पण मर्टल बसलेलीच होती. मागे नेली ऑलरनशॉबाई काठीवर भार देऊन उठल्या होत्या, रागाने लालबुंद.

"हे चाललंय काय या चर्चमध्ये?" त्या कडाडल्या. "दोघंही हेनबॉटम! एका घरची माणसं! लाज नाही वाटत? पाद्रीसाहेब, या दोघांचं आपसात नातं लागतं, मला चांगलं ऐकू आलंय!"

बीचमसाहेबांचा सगळा सराव तिथेच संपला. त्यांनी गोंधळून मर्टलकडे पाहिलं. मर्टल उठली. ती मागे वळली, सगळ्या गावाकडे तिने पाहिलं, खाटकाकडे, कंडक्टरकडे, उरलेल्या तिन्ही ब्राउनांकडे, आणि मग बहिऱ्या म्हातारीला ऐकू जावं म्हणून मासे विकायच्या आवाजात म्हणाली, "अजून लागत नाही, नेलीमावशी! लागलं की कळवते!"

त्यानंतर चर्चमध्ये काय झालं ते सांगता येणार नाही, कारण बँडने परवानगी न विचारता वाजवायला सुरुवात केली.

दुकानावरची पाटी तीच राहिली. आतल्या भिंतीवरून मात्र न्यायमूर्ती, गायिका आणि बिशप खाली उतरले. पर्सी राहिला, कारण तो नाव टाकून पळाला नव्हता. त्याच्या शेजारी मर्टलने एक नवी चौकट टांगली. मांडीवर युफोनियम घेतलेला, लाल कानांचा एक माणूस. कुणी नवखा पाटी वाचून हसला की ती अजूनही चिमटा वर करते.

"त्यांना हसा," ती म्हणते. "त्यांना आवडतं."